‘होतं असं, सवय होईल’ : गोळीच्या त्रासाचा इतिहास

गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा होता. संगमनेरला स्टँडजवळच्या एका मेडिकलवर मी डोकेदुखीची गोळी घ्यायला थांबले होते. शेजारी एक ताई उभी होती. पस्तिशी ओलांडलेली, हातात बाजाराची पिशवी. गर्दी जरा कमी होईपर्यंत थांबली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, त्या पुढं ढकलायच्या गोळ्या द्या."

"किती दिवसांच्या?"

"गौरी जाईस्तोवर. घरात सवाष्ण जेवायला आहे."

पोरानं पाकीट कागदात गुंडाळलं. पैसे देता देता तिनं विचारलं, "मागच्या वर्षी या गोळ्यांनी डोकं लई दुखलं होतं. एक पाय पण सुजला होता. तसं काही होतं का यानं?"

"होतं असं. सवय होईल," पोरगा म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

तो पोरगा वाईट नव्हता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की "एक पाय सुजला होता" हे वाक्य ऐकल्यावर हातातलं पाकीट मागं घ्यायचं असतं आणि बाईला डॉक्टरकडं पाठवायचं असतं. गोळीच्या पाकिटावर ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावी’ असं छापलेलं असतं. पण चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी देत नाही. खरं सांगायचं तर मीही तिला तिथल्या तिथं थांबवायला हवं होतं. सुचेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेली होती.

त्या रात्री झोप नीट लागली नाही, कारण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. धाकटीच्या जन्मानंतर पाळणा लांबवायचा म्हणून मी गोळ्या सुरू केल्या होत्या. दुसऱ्या महिन्यापासून अर्धं डोकं ठणकायला लागलं. दुखायच्या आधी डोळ्यांपुढं वाकड्यातिकड्या रेषा चमकायच्या. ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या त्यांना सांगितलं. उत्तर तेच मिळालं, "होतं असं, सवय होईल." मी चार महिने सवय करून घेत राहिले. पुढं दुसऱ्याच कामासाठी दुसऱ्या डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी सहज विचारलं, "डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं काही चमकतं का?" मी हो म्हणाले. त्यांनी त्याच मिनिटाला गोळी बंद केली. अशा प्रकारची अर्धशिशी असलेल्या बाईनं इस्ट्रोजेन असलेली गोळी घ्यायची नसते, कारण मेंदूत गाठ अडकण्याचा म्हणजे पक्षाघाताचा धोका वाढतो. एवढीशी गोष्ट. एक प्रश्न विचारला असता तर चार महिने आधी कळली असती.

तेव्हापासून जमेल तसं या विषयावर वाचत आले. आणि लक्षात आलं की हे वाक्य काही आपल्या संगमनेरचं नाही. गोळी बाजारात यायच्या आधीपासून ते वाक्य आहे. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. पोस्ट मोठी आहे, पण घरातल्या बायकांसाठी तरी पूर्ण वाचा. पुरुषांनी तर वाचाच.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करू. १० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभेत एक अशासकीय ठराव मांडला गेला. मागणी अशी की सरकारनं जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात. ठराव तयार केला होता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. सभागृहात तो मांडला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी. रोहम निवडून आले होते अहमदनगर दक्षिणमधून, म्हणजे आपल्याच आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून. ठराव फेटाळला गेला. पण त्या भाषणातला मुद्दा आजही लागू आहे. लोकसंख्या आणि गरिबी हे विषय त्यात होतेच, शिवाय बाईच्या शरीराला काय सोसावं लागतं हेही त्यात होतं. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून जास्त मुलं व्हायला कुणीच तयार झालं नसतं, अशा अर्थाचा तो युक्तिवाद होता. म्हणजे आपल्याकडं या चर्चेचा पाया ‘बाईला काय होतं’ हा होता. पुढं तो हरवला. आधी ‘देशाची लोकसंख्या’ आली, आणि बाई मागं पडली.

त्याच्याही आधी रघुनाथ धोंडो कर्वे होते. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं, ज्या वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र काढलं त्याच वर्षी. पत्नी मालतीबाई बरोबरीनं उभ्या राहिल्या. विल्सन कॉलेजची नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं आणि १९५३ मध्ये कर्वे गेले तोवर चाललं. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं पुन्हा डॉ. आंबेडकरांनीच. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण त्या मासिकाची मला सगळ्यात मोलाची वाटते ती बाजू म्हणजे त्यात वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरं मिळायची. ज्या गोष्टी नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी बोलत नव्हते त्या विचारायला एक जागा होती, आणि "होतं असं" म्हणून कुणी वाटेला लावत नव्हतं. कर्व्यांच्या काळात गोळी नव्हती. ती आली त्यांच्या मृत्यूनंतर.

गोळीच्या जन्मकथेतही महाराष्ट्र एका कोपऱ्यात आहे. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या होत्या. संततिनियमनाच्या साधनांवर दोघांचं एकमत झालं नाही. गांधीजींचा आग्रह संयमाचा. सँगरबाई परत गेल्या, पण बाईच्या हातात राहील असं साधन हवं हा ध्यास त्यांनी सोडला नाही. पुढं १९५० च्या दशकात ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला त्यांनी कामाला लावलं, कॅथरीन मॅकॉर्मिक या श्रीमंत बाईंनी पैसा पुरवला. जॉन रॉक हे डॉक्टर सोबत आले.

आता चाचणी करायची कुणावर? पिंकस आणि रॉक यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात संततिनियमनाविरुद्ध कायदा होता. म्हणून १९५६ मध्ये मोठी चाचणी झाली पोर्तो रिको या बेटावर, सरकारी वसाहतीत राहणाऱ्या गरीब बायकांवर. मूल नको होतं म्हणून त्यांनी गोळी घेतली. हा प्रयोग चालू आहे हे त्यांना सांगितलं गेलं नव्हतं. तिथलं काम बघणाऱ्या डॉक्टर एडरिस राइस-रे या स्वतः बाई होत्या. त्यांनी नोंद केली की सुमारे १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी, उलट्या असा त्रास होतोय. गोळीनं गर्भ राहत नाही हे खरं, पण इतका त्रास असेल तर सगळ्यांना ती देता येणार नाही, असं त्यांनी कळवलं. वरून काय म्हणणं आलं? हे बायकांच्या मनाचे खेळ आहेत. त्या चाचण्यांच्या काळात तीन बायका दगावल्या. त्यांचं शवविच्छेदनही झालं नाही, त्यामुळं कारण गोळी होती की दुसरं काही, हे कायमचं अंधारात राहिलं.

‘होतं असं’ हे वाक्य तिथं पहिल्यांदा अधिकृत झालं.

१९६० मध्ये अमेरिकेत गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली. त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन किती होतं माहीत आहे? १५० मायक्रोग्रॅम. आज आपल्या सरकारी माला-एन मध्ये ३० मायक्रोग्रॅम आहे. रसायन थोडं वेगळं आहे, म्हणून सरळ पाचपट म्हणता येणार नाही, पण त्या काळच्या बायका केवढा डोस पोटात घेत होत्या याचा अंदाज येतो. १९६१ मध्येच इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं ‘लॅन्सेट’ला कळवलं की गोळी घेणाऱ्या एका बाईच्या फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली. सुरुवातीला त्याकडं योगायोग म्हणूनच पाहिलं गेलं. पण अशा नोंदी वाढत गेल्या. १९६० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये मोठे अभ्यास झाले आणि गोळी व रक्ताच्या गाठी यांचा संबंध पक्का झाला. १९६९ च्या डिसेंबरात तिथल्या औषध सुरक्षा समितीनं सांगितलं की इस्ट्रोजेन ५० मायक्रोग्रॅमच्या वर नको.

त्याच वर्षी अमेरिकेत बार्बरा सीमन या पत्रकार बाईनं गोळीच्या त्रासावर पुस्तक लिहिलं. आमच्याच धंद्यातली बाई, म्हणून मला तिचं विशेष. त्या पुस्तकामुळं १९७० च्या जानेवारीत तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी लागली. डॉक्टर बोलले, कंपन्यांची बाजू आली, शास्त्रज्ञ बोलले. बोलवलं नव्हतं ते फक्त गोळी खाणाऱ्या बायकांना. ॲलिस वुल्फसन आणि तिच्या मैत्रिणी प्रेक्षकांत बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि ओरडून विचारायला लागल्या की इथं एकही गोळी घेणारी बाई साक्षीला का नाही? त्यांना बाहेर काढलं, त्या पुन्हा आल्या. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात थेट बाईला उद्देशून माहितीचा कागद घालणं सक्तीचं झालं. आज गोळीच्या पाकिटात बारीक अक्षरांचा जो कागद निघतो आणि आपण न वाचता फेकतो, त्याच्यामागं हा आरडाओरडा आहे.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गोळी आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. ती तशी का झाली? बायकांनी त्रास सांगितला, तो कुणीतरी लिहून घेतला, मोजला, आणि मग डोस कमी झाला. त्रास सांगणाऱ्या बाया गोळीच्या वैरी नव्हत्या. त्यांच्यामुळंच ती गोळी सुधारली.

आता आपल्याकडं येऊ. भारतानं १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, असं करणारा जगातला पहिला देश. पण भर कशावर? आकड्यांवर. १९६५ मध्ये ‘लूप’ आलं, म्हणजे तांबीची थोरली बहीण म्हणा. लाखो बायकांना ते बसवलं गेलं. बसवून घेणारीला आणणाऱ्याला पैसे मिळायचे. पण नंतर रक्त जायला लागलं, कंबर दुखायला लागली तर दाखवायला जायचं कुठं, याची व्यवस्था नव्हती. बाई आरोग्य केंद्रात गेली की "होतं असं". मग बायकांनी एकमेकींना सांगितलं, आणि त्या सांगण्याला सरकारी भाषेत ‘अफवा’ म्हटलं गेलं. दोन-तीन वर्षांत लूपचे आकडे घसरले. एक चांगलं साधन, त्रास ऐकून न घेतल्यामुळं बदनाम झालं.

पुढं आणीबाणी आली. १९७६ मध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. पण त्या जबरदस्तीचा एक परिणाम आजतागायत टिकला. पुरुष नसबंदीचं नाव काढायला सरकारही घाबरायला लागलं आणि सगळा भार बायकांवर आला. ‘ऑपरेशन’ म्हणजे बाईचंच, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं ते तेव्हापासून.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर माला-डी ची जाहिरात लागली की घरातले मोठे खाकरायचे आणि आम्हा पोरांना पाणी आणायला आत पाठवायचे. माझ्या वयाच्या सगळ्यांना ते आठवत असेल. पण त्याच दशकात या विषयावर आपल्या देशात दोन मोठ्या लढाया झाल्या, त्या मात्र फारशा कुणाला आठवत नाहीत.

पहिली लढाई ‘ईपी फोर्ट’ ची. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचा मोठा डोस असलेलं हे औषध. दिवस राहिलेत का हे बघायला म्हणून सर्रास दिलं जायचं. घेतल्यावर पाळी आली तर दिवस राहिले नव्हते, नाही आली तर राहिले. पोट पाडायलाही बायका तेच घ्यायच्या, त्यानं पोट पडत नसतानाही. पोटातल्या बाळाला व्यंग होण्याचा धोका जगभर चर्चेत होता. मेडिको फ्रेंड सर्कलसारख्या डॉक्टरांच्या गटांनी आणि स्त्री संघटनांनी मोहीम केली. १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून १९८७ मध्ये जाहीर सुनावण्या झाल्या, त्यातली एक मुंबईत. शेवटी १९८८ मध्ये बंदी आली. सहा वर्षं. त्या सहा वर्षांत किती जणींनी ते घेतलं असेल, हिशेब कुठंच नाही.

दुसरी लढाई ‘नेट-एन’ या इंजेक्शनची. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरू आरोग्य केंद्रात या इंजेक्शनच्या चाचणीसाठी शिबिर भरलं होतं. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथं पोचल्या. जमलेल्या बायकांना हा प्रयोग आहे हे माहीतच नव्हतं. पोर्तो रिकोचीच गोष्ट, तीस वर्षांनी. धोके समजल्यावर बऱ्याच जणी उठून निघून गेल्या. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली वगैरे संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुंबईतल्या स्त्री संघटनाही या मोहिमेत होत्या. खटला २००० साली निकाली निघाला तेव्हा सरकारला म्हणावं लागलं की हे इंजेक्शन सरसकट कार्यक्रमात आणणार नाही.

आणि मग गडचिरोली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. आजारी असलेल्या नव्हे, गावातल्या सगळ्याच. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचं काही ना काही दुखणं निघालं. आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. बायकांच्या गर्भनिरोधक साधनांशी या दुखण्यांचा काही संबंध आढळला, पण त्यानं थोड्याच दुखण्यांचा उलगडा होत होता. याचा अर्थ नीट समजून घ्या. बाई साधन वापरायच्या आधीपासूनच आजारी आहे, तिला कुणी तपासलेलं नाही, आणि त्या न तपासलेल्या शरीरावर आपण गोळी, तांबी, इंजेक्शन, ऑपरेशन ठेवत जातो. मग त्रास झाला की गोळीमुळं झाला की आधीच्याच दुखण्यामुळं, हे सांगणार कसं? बाई आपली अंगावर काढत राहते.

अंगावर काढण्याचा शेवट कुठं होतो तेही आपल्या भागाला माहीत आहे. आपल्याकडच्या कारखान्यांना बीडकडून ऊसतोड मजूर येतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, कामाला खाडा पडणं, या सगळ्यावर एकच इलाज सांगितला गेला.

आता परत त्या मेडिकलवर येऊ. त्या ताईनं घेतलेली पाळी पुढं ढकलायची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. हे रसायन १९५१ मध्ये मेक्सिकोत तयार झालं, तिथल्या एका रानटी कंदापासून. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पहिल्या पिढीचं हे मूळ. ज्या नेट-एन इंजेक्शनसाठी बायका चौदा वर्षं कोर्टात लढल्या, तेही याच रसायनाचं रूप. म्हणजे ज्याच्यावर एवढा इतिहास घडला ते औषध आपण गौरीला, नवरात्राला, वारीला, लग्नाला, सत्यनारायणाला, कढीपत्ता मागावा तसं मागतो. मोठ्या डोसमध्ये याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला तीन गोळ्या घेणाऱ्या बाईला म्हणून गर्भनिरोधक गोळीसारखाच गाठीचा धोका विचारात घ्यायला लागतो. आणखी एक, या गोळ्या चालू आहेत म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा समज चुकीचा आहे. आणि खरा प्रश्न तर वेगळाच आहे. पाळी आली तर देवाला चालत नाही हे आपण ठरवलं, आणि त्याची किंमत बाईच्या पोटरीनं आणि डोक्यानं चुकवायची. गौराई माहेरवाशीण म्हणून येते असं आपणच म्हणतो. लेकीच्या जिवाला धोका घालून केलेला पाहुणचार तिला गोड लागेल का, एवढंच विचारते.

कुणी म्हणेल, ताई, तुम्ही बायकांना घाबरवताय. नाही. उलट सांगते. निरोगी तरुण बाईसाठी आजची गोळी बहुतेक वेळा सुरक्षित आहे. दर १०,००० बायकांमागं वर्षाला रक्ताच्या गाठीचं प्रमाण असं धरतात: गोळी न घेणाऱ्यांत १ ते ५, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९, गरोदरपणात ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. म्हणजे नको असलेलं बाळंतपण गोळीपेक्षा जास्त धोक्याचं. सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ, थोडं डाग लागणं, छाती जड वाटणं हे खरंच होतं आणि बहुतेकींचं कमीही होतं. म्हणजे ‘होतं असं’ हे वाक्य पुष्कळदा खरंच असतं. चूक एवढीच की त्या वाक्यावर बोलणं संपतं. त्याच्यापुढं "किती दिवसांपासून? कुठं दुखतं? बीपी मोजलंय का?" हे प्रश्न यायला हवेत.

आणि बोलणं संपलं की बाई काय करते? गोळी सोडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात गोळी वापरणाऱ्या विवाहित बायका शंभरात दोनच्या आसपास आहेत. ऑपरेशन झालेल्या जवळपास निम्म्या. आणि पुरुषांचं ऑपरेशन? शंभरात एकही भरत नाही. त्याच पाहणीत देशभरात साधन वापरणाऱ्या ज्या बायकांना विचारलं, त्यातल्या सुमारे ६२ टक्के जणींना साधनाचे दुष्परिणाम सांगितले गेले होते. बाकीच्यांना कुणीच नाही. आपल्या मुली विशीत दोन पोरं उरकून पंचविशीच्या आत ऑपरेशन का करून घेतात, याचं थोडं उत्तर इथं आहे. मधले पर्याय त्यांनी ऐकलेत ते फक्त ‘त्रास होतो’ एवढ्यापुरते. २०१७ पासून सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं इंजेक्शन आणि ‘छाया’ ही गोळी आली. छाया लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली, इस्ट्रोजेन नसलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. पर्याय आहेत. ते समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कुणाकडं नाहीत.

म्हणून काही साध्या गोष्टी.

गोळी सुरू करायच्या आधी बीपी मोजून घ्या. बीपी जास्त असेल, वय पस्तिशीच्या पुढं असून विडी-सिगारेट ओढत असाल, डोळ्यांपुढं चमकणारी अर्धशिशी असेल, आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गाठ झाली असेल, लिव्हरचा आजार किंवा स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल, तर इस्ट्रोजेनवाली गोळी आपल्या मनानं घेऊ नका. डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, दम लागला, डोकं एकदम असह्य दुखलं, नजर अंधुक झाली, पोटात जोराची कळ आली, तर सणवार बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

मेडिकलवाल्या बंधूंना हात जोडून विनंती. ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नका. निदान ‘मागच्या वेळी पाय सुजला होता’ असं कुणी म्हणालं तर तिला परत पाठवा. एका पाकिटाचा धंदा जाईल, जाऊ द्या.

आशाताई आणि सिस्टर, तुमच्यावर कामाचा किती बोजा आहे ते मी बातम्यांतून लिहीत आलेय. तरी गोळी घरपोच देताना महिन्याभरानं ‘काही त्रास?’ एवढं विचारा आणि वहीत लिहा. औषधाच्या त्रासाची तक्रार सामान्य माणूसही करू शकतो. त्यासाठी सरकारची फुकट हेल्पलाइन आहे: १८००-१८०-३०२४. फार कुणाला माहीत नाही, म्हणून इथं देतेय.

आणि मैत्रिणींनो, भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपण पाळीच्या तारखेला बारीक खूण करतोच. गोळी सुरू केली की तिथंच अजून लिहा. कुठल्या दिवशी डोकं दुखलं, कधी डाग लागला, कधी चक्कर आली. डॉक्टरकडं जाताना ते पान फोटो काढून न्या. "मला कसंतरी होतंय" असं म्हटलं की झटकून टाकता येतं. "बारा तारखेपासून आठ वेळा डोकं दुखलं, पाचदा आधी डोळ्यांपुढं चमकलं" असं म्हटलं की समोरच्याला पेन उचलावंच लागतं. पोर्तो रिकोच्या त्या बायकांचा त्रास निदान राइस-रे बाईंनी लिहिला, म्हणून आज आपण त्याबद्दल बोलू शकतोय. माझे ते चार महिने कुठंच लिहिलेले नाहीत.

ती मेडिकलवरची ताई पुन्हा भेटली नाही. आसपासच्याच कुठल्यातरी गावची असावी. तिच्या गौरी सुखरूप झाल्या असतील असं धरून चालते. पण तुमच्यापैकी कुणाच्या वहिनीला, बहिणीला, शेजारणीला मागच्या सणाला गोळ्या घेऊन पाय सुजल्याचं आठवत असेल, तर ही पोस्ट तिला वाचून दाखवा. आणि यंदा ती गोळी घेत असेल तर आधी तिला दवाखान्यात घेऊन जा.